हाड धरेपर्यंत

बोम्मसंद्र्याच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो तिथे दातांची मुळं तयार होतात. दात नाहीत, नुसती मुळं. भुईमुगाच्या दाण्याएवढा टायटॅनियमचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवायचा आणि हाडाने त्याला धरलं की वर दात चढवायचा. अलीकडे आम्ही सिरॅमिकचेही करतो. ते पांढरेशुभ्र असतात आणि त्यांचं माहितीपत्रक अधिक महागाच्या कागदावर छापतात. माझं काम लेखणीचं. स्क्रूच्या खोक्यात जो घडीचा कागद असतो तो मी लिहितो. तो कोणी वाचत नाही. तरीही दरवर्षी तो तपासून, सुधारून, वरिष्ठांच्या सह्या घेऊन पुन्हा छापला जातो. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण माझं घर त्यावर चालतं.

वर्षातून एकदा आमची कंपनी दंतवैद्यांचं संमेलन भरवते. मोठं हॉटेल, समई, प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर म्हैसूरचा पेटा, गळ्यात चंदनाचा हार, अंगावर शाल, हातात फळांची करंडी. करंडी हातात आली की शाल सावरता येत नाही आणि शाल सावरायला जावं तर पेटा कलतो. त्यामुळे सगळ्याच पाहुण्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं गांभीर्य येतं. एका वर्षी मुख्य भाषण करणाऱ्या प्राध्यापकांनी हाड आणि धातू यांच्या विवाहाची उपमा घेतली आणि ती शेवटपर्यंत सोडली नाही. साखरपुडा झाला, सप्तपदी झाली, नांदणं झालं. घटस्फोटापाशी टाळ्या पडल्या. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होतो, की या लग्नात हाडाला कोणी विचारलेलं दिसत नाही.

खरी गोष्ट उपमेपेक्षा साधी आहे आणि मला ती जास्त आवडते. टायटॅनियम उघड्यावर आलं की क्षणात त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो. हाडाच्या पेशींची गाठ पडते ती या पापुद्र्याशी. आतला धातू त्यांना कधी भेटतच नाही. सिरॅमिक, म्हणजे आमचं झिर्कोनिया, मुळातच ऑक्साइड असल्यामुळे त्याला वेगळा पापुद्रा लागत नाही. दोन्हींचा पृष्ठभाग आम्ही मुद्दाम खडबडीत करतो. गुळगुळीत भिंतीवर गिलावा बसत नाही, हाडाचंही तसंच. मध्ये डिंक नाही, सिमेंट नाही. आधी रक्त साकळतं, मग पेशी येतात, जुनं हाड थोडं झिजतं आणि त्या जागी नवं भरत जातं. या मधल्या काळात स्क्रूची पकड पहिल्या दिवसापेक्षाही कच्ची असते. तेव्हा तो हलला, किंवा तिथलं रक्त कमी पडलं, तर शरीर हाडाऐवजी त्याच्याभोवती मऊ तंतूंची पिशवी विणतं. पिशवीतला स्क्रू स्क्रूच राहतो, त्याचं मूळ होत नाही. या सगळ्यात माणसाने करायचं काही नसतं. काही न करणं एवढंच त्याचं काम, आणि माणसांना तेच जड जातं.

हे मला वर्षानुवर्षं पाठ होतं, पण कोणाच्या तोंडात घडताना मी पाहिलं नव्हतं. ती संधी सासूबाईंनी दिली.

सासूबाई निपाणीला एकट्या राहतात. शाळेत शिक्षिका होत्या, शेवटी मुख्याध्यापिका. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि पोरांना रागावताना जी आधी तोंडात येईल ती भाषा. निपाणी तंबाखूचं गाव. तिथल्या मोठ्या वर्गातल्या पोरांच्या खिशात पुडी सापडली की त्या ती पुडी खिडकीतून बाहेर फेकायच्या आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तंबाखूवर भाषण द्यायच्या. माझी बायको त्याच शाळेत होती. ती ते भाषण अजून म्हणून दाखवू शकते, हातवाऱ्यांसकट.

त्यांची खालची एक दाढ आणि वरचा सुळ्यामागचा एक दात गेला होता. निपाणीत काढता-घालता येणारी कवळी करून घेतली होती, पण ती बोलताना टकटक वाजायची. ज्या बाईचं आयुष्य बोलण्यात गेलं तिला हे सहन होणारं नव्हतं. त्या कवळी रुमालात गुंडाळून पिशवीत ठेवायच्या आणि एका बाजूने जेवायच्या. बायको म्हणाली, इम्प्लांट करून घेऊ, घरात त्यातला माणूस आहे. मी तिला सांगितलं की मी त्यातला नाही, त्याच्या कागदातला आहे. तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

अडचण वेगळीच होती. उपचार म्हणजे तीन-चार महिन्यांचा मुक्काम, आणि तो एचएसआर लेआउटमध्ये, लेकीच्या घरी. लेकीच्या घरचं पाणीही न पिणाऱ्या पिढीतल्या त्या नव्हत्या. पाणी पीत, चहा पीत, पण मुक्काम वाढू देत नसत. चौथ्या दिवशी त्यांना निपाणीची आठवण यायचीच. मध्येच जाऊन परत यावं, तर डॉक्टरांना दर पंधरवड्याला हिरडी बघायची होती आणि निपाणीची बस रात्रभराची. त्या आल्या त्या दिवशी बायकोने त्यांच्यासाठी कपाट रिकामं करून दिलं.

"असू दे," त्या म्हणाल्या. "मी काय कपाटात राहायला नाही आले." साड्या बॅगेतच राहिल्या.

दवाखाना विमानतळासारखा होता. माशांची काचेची पेटी, कॉफीचं यंत्र, भिंतीवर हसणाऱ्या माणसांचे मोठाले फोटो, त्यातल्या एकाचाही चेहरा दुखलेल्या माणसाचा नाही. डॉक्टर तरुण आणि नम्र होते. सासूबाईंचं उत्तरेकडचं कन्नड ऐकून ते खूश झाले आणि त्यांना अम्मा म्हणू लागले. मग त्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले. साखर? नाही. रक्तदाब? स्वल्प, सासूबाई म्हणाल्या. सिगारेट? त्या हसल्या. गुटखा, पान, तंबाखू? आता मात्र त्या खुर्चीत ताठ झाल्या आणि त्यांनी डॉक्टरांना पोरांच्या पुड्या आणि ती खिडकी यांची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टर ओशाळले. बायकोला आणि मला हसू आवरेना.

धातू की सिरॅमिक, हा पुढचा प्रश्न. डॉक्टर सिरॅमिकबद्दल बोलताना आवाज थोडा खाली आणत, देवळात आणतात तसा. धातूविरहित, नैसर्गिक शुभ्रता वगैरे. त्यातली काही वाक्यं माझीच होती. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "मेल्यावर राखेत काय उरतं?"

मी म्हणालो, दोन्ही उरतील.

"मग दाढेला लोखंड घाला," त्या म्हणाल्या. टायटॅनियम म्हणजे लोखंड नव्हे, हे सांगायचा मोह मी आवरला. "दळायचं काम आहे तिथं. आणि वर दिसतं तिथं ते कपबशीचं."

तसंच झालं. खालचं धातूचं मूळ हाडात बसवून त्यावर हिरडी शिवून टाकली. वरचं सिरॅमिकचं एकसंध होतं, मूळ आणि वरचा खुंट एकाच तुकड्यात, म्हणून त्याचं टोक हिरडीच्या बाहेर राहिलं. त्याला जीभ लावायची नाही, त्या बाजूने चावायचं नाही, धक्का द्यायचा नाही. सासूबाईंनी हे सगळं दोनदा म्हणवून घेतलं आणि घरी आल्यावर आम्हालाच पुन्हा सांगितलं. मऊ भात खायला लागल्या. कंटाळल्या, पण पथ्य मोडलं नाही. रोज एकदा विचारायच्या, "धरलं असेल का हो हाडानं?" मी म्हणायचो, धरत असेल. त्यांच्या दृष्टीने हाडाने धरणं आणि निपाणीची बस ही एकच गोष्ट होती.

या सुमारास आमच्या इमारतीत वासाचं प्रकरण उद्भवलं. अधूनमधून दुपारी काहीतरी जळाल्याचा उग्र वास यायचा. रहिवासी संघाच्या ग्रुपवर आधी एकाने लिहिलं, मग सगळ्यांनाच तो वास यायला लागला, त्या वेळी जे ऑफिसात होते त्यांनाही. वायरिंग जळत असणार असा निष्कर्ष निघाला. संघाचे सेक्रेटरी हे निवृत्त झाल्यापासून काहीतरी घडण्याची वाट पाहत असलेले गृहस्थ. त्यांनी त्रिसदस्यीय समिती नेमली. गळ्यात ओळखपत्रं अडकवून समिती मजल्यामजल्यावर हुंगत फिरली. इथल्याच शिवाजीनगरहून इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने बोर्ड उघडले, बंद केले आणि वायरिंग उत्तम आहे असं सांगितलं. त्यामुळे समितीचा संशय बळावला. आमच्या घरी दुपारी फक्त सासूबाई असतात म्हणून समितीने त्यांची साक्ष घेतली. त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं आणि शुद्ध कन्नडमध्ये सांगितलं, की मी दिवसभर घरात असते, जळका वास मला एकदाही आला नाही. समितीने आभार मानले. पुढे समितीने जिन्यात एक सूचना लावली. तीत काय करावं हे नव्हतं, सतर्क राहावं एवढंच होतं.

हाडाने धरलं का ते पाहायची तारीख आली. बायकोने आणि मी दोघांनी रजा घेतली. सासूबाई ठेवणीतली साडी नेसल्या होत्या. डॉक्टरांनी खालची हिरडी थोडी उघडून दाढेच्या मुळावर हत्याराच्या दांड्याने हलकेच टिचकी मारली. स्वच्छ, कडक आवाज आला, भाजलेल्या मडक्याचा येतो तसा. त्यांनी मान हलवली. मग वरच्या पांढऱ्या खुंटावर टिचकी मारली. तिथे आवाज आलाच नाही म्हणायला हरकत नाही. नुसतं थप्प. त्यांनी चिमट्याने तो धरला आणि तो हलला. एक्स-रेमध्ये दाढेच्या मुळाला हाड सरळ जाऊन भिडलं होतं. वरच्या मुळाभोवती मात्र बारीक काळी रेघ होती. मी हजारो कागदांत जिचं वर्णन केलं आहे ती मऊ तंतूंची पिशवी मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

म्हणजे वरचं काढावं लागणार. हाड भरून यायला काही महिने, मग पुन्हा बसवायचं, मग पुन्हा वाट पाहायची. डॉक्टर हे कन्नडमध्ये हळूहळू सांगत होते आणि सासूबाई त्यांच्याकडे न बघता त्या माशांच्या पेटीकडे बघत होत्या. त्यांना दिवाळीही आता इथेच दिसत होती.

डॉक्टर गोंधळले होते. माल दोन्ही चांगला, हाड एकाच बाईचं, मग असं का? त्यांनी पुन्हा एकदा दबकत तंबाखूचं विचारलं. नाही, सासूबाई म्हणाल्या, या वेळी जरा मोठ्याने. मग डॉक्टरांनी विचारलं, की तो खुंट रोज स्वच्छ कशाने करता?

"बोटानं," सासूबाई म्हणाल्या. "ब्रश कडक लागतो." आणि त्यांनी पिशवीतून खोकल्याच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी काढली, तर्जनीवर चिमूटभर काळी पूड घेतली आणि वरच्या हिरडीवर, त्या खुंटाच्या भोवती, चांगली रगडून कशी लावतात ते दाखवायला हात उचलला. डॉक्टरांनी मध्येच तो हात धरला. डबी नाकाशी नेली आणि कोळसा आहे का, असं माझ्याकडे बघून विचारलं.

मला माहीत नव्हतं. ती डबी मी टूथपेस्टच्या शेजारी रोज पाहत होतो. पुण्यात माझ्या लहानपणीही काळी दंतमंजनं होती, ही त्यातलीच असेल असं मी धरून चाललो होतो.

"मिश्री आहे," सासूबाई म्हणाल्या. "दात घासायची."

माझ्या बायकोचा चेहरा मी बघत होतो. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं आणि कुटून त्याची पूड करायची, हे तिने जन्मापासून पाहिलेलं होतं. निपाणीत तो वास म्हणजे हवा. म्हणून संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर घरात तो रेंगाळत असला तरी तिला तो वास वाटायचा नाही, घर वाटायचं; मी उशिरा यायचो तोवर तो विरलेला असायचा. तिची आईही समितीशी खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी घरात काही जळत नव्हतं, मिश्री भाजली जात होती.

"आई," बायको म्हणाली, "ती तंबाखूच की गं."

"तंबाखू खाणारे वेगळे," सासूबाई म्हणाल्या. "मी कधी खाल्लीय? मी दात घासते."

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. हिरडीतून ती रक्तात जाते, रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला जे लागतं ते पोचत नाही. शिवाय बोटाने रोज तो खुंट ढकलला गेला. खालचं मूळ हिरडीखाली पुरलेलं होतं म्हणून वाचलं, आणि मिश्री चालू राहिली तर तेही पुढे सुटू शकेल. पोराची तक्रार घेऊन आलेल्या पालकाचं ऐकावं तसं सासूबाईंनी हे ऐकलं, म्हणजे चेहऱ्यावर काही न दाखवता.  घरी येताना गाडीत, सिल्क बोर्डच्या सिग्नलला त्या म्हणाल्या, "मिश्री लावता का, असं विचारलं असतं तर मी होय म्हटलं असतं. प्रश्नच नीट काढला नाही त्यांनी."

डबी त्यांनी त्याच दिवशी बायकोच्या हाती दिली. मी मिश्री बंद केली आहे, असं त्यांनी जाहीर केलं. तंबाखू सोडली असं त्या म्हणाल्या नाहीत, कारण जी धरलीच नाही ती सोडणार कशी. पण त्यानंतरचे दिवस तंबाखूचेच होते. डोकं धरायचं, सकाळी पोट साफ व्हायचं नाही, हाताला काम सापडायचं नाही. उतारावर आडवी स्कूटर लावल्याबद्दल त्यांनी सेक्रेटरींना भर पार्किंगमध्ये असं फैलावर घेतलं, की ते तेव्हापासून त्यांना मॅडम म्हणतात. इमारतीतला वास गेला. समितीने त्याचं श्रेय घेतलं आणि बरखास्त झाली. आम्ही कोणाला काही बोललो नाही.

मधल्या काळात वरचं मूळ काढलं. त्याला कष्ट पडले नाहीत, हीच वाईट गोष्ट होती. दाढेवर कॅप बसली. सासूबाईंनी त्या बाजूने भाकरीचा तुकडा चावला, सावकाश, आवाज ऐकत असल्यासारखा, आणि बरी आहे म्हणाल्या. मग डॉक्टरांनी वरच्या दाताचं विचारलं. तिथे फट तशीच ठेवायची की पुन्हा प्रयत्न करायचा? करायचा तर या वेळी तिथेही टायटॅनियम घालावं असं त्यांचं मत पडलं. आमच्या विक्री विभागानेही ही हकीकत ऐकून तसंच म्हटलं असतं; निकाल लागला की कारणं कोणी विचारत नाही.

सासूबाई डॉक्टरांना म्हणाल्या, त्या पांढऱ्याचा काय दोष? नापास पोर झालेलं नाही, बाई झाली. पोराला पुन्हा एकदा बसू दे.

त्या संध्याकाळी बायकोने बसची वेळ बघितली. तिने विचार करून ठेवला होता. वरचं हाड आता नुसतं भरून यायचं आहे, त्यात बघण्यासारखं काही नाही, ते निपाणीत बसूनही भरेल. आईने घरी जावं, दोन-तीन महिन्यांनी स्क्रू बसवायला यावं. इतके दिवस आई अडकून पडली याचं तिला वाईट वाटत होतं. तिने फोन पुढे करून सासूबाईंना खिडकीजवळची सीट दाखवली.

"नको," सासूबाई म्हणाल्या.

बायकोला वाटलं सीट आवडली नाही. तिने दुसरी दाखवली.

"नको गं. मी जात नाही. तिथं गेले तर लावीन." त्या गव्हातले खडे निवडत होत्या, ते चालू ठेवत बोलल्या. "दुपारी गल्लीत सगळ्यांचे तवे चढतात. एक बाई पूड आणून देते, दुसरी विचारते कशी जमलीय बघा. बोट आपोआप जाईल. इथं कोणी लावत नाही, बरं आहे."

बायकोने फोन बाजूला ठेवला. मी पेपरात डोकं घातलं. लेकीच्या घरचा मुक्काम ही त्यांच्या लेखी केवढी गोष्ट होती ते आम्हा दोघांना माहीत होतं, आणि त्या आपणहून तो वाढवून मागत होत्या.

"सकाळचा स्वयंपाक तुझा, संध्याकाळचा माझा," त्या म्हणाल्या. "भाजी मी आणणार. जावईबापूंनी मध्ये पडायचं नाही." मी पेपराआडून मान डोलावली. "आणि निपाणीला दूधवाल्याला फोन कर. दिवाळीपर्यंत दूध नको म्हणावं. ठरल्या महिन्यांपुरतंच बंद केलं होतं मी; आता तो रोज फाटकाशी येऊन हाका मारत असेल."

"का नको म्हणून विचारेल," बायको म्हणाली. "सगळ्या गल्लीच्या चौकशा असतात त्याला."

"मग सांग. बाईंची तंबाखू सुटायची आहे म्हणावं."

बायकोने फोन लावला. दूधवाल्याने अपेक्षेप्रमाणे कारण विचारलं, तेव्हा तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दाढेचं काम जरा लांबलंय, असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. सासूबाईंनी ताट बाजूला ठेवलं, उठल्या आणि फोन तिच्या हातातून घेतला.